वॉर्ड बदलताना रुग्ण आक्रमक का होतात, आणि त्यात आपल्या हातात काय असतं

सिस्टर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या ॲक्यूट वॉर्डमध्ये (आजार तीव्र असलेल्यांच्या वॉर्डात) चाळिशीतले एक गृहस्थ होते. स्किझोफ्रेनिया, आवाज ऐकू येणं बरंच कमी झालेलं, गोळ्या वेळेवर घेत होते, कित्येक आठवड्यांत कुणावर हात उगारला नव्हता. राउंडला ठरलं की आता यांना ओपन वॉर्डमध्ये, म्हणजे कमी बंधनाच्या वॉर्डात, न्यायचं. दुपारी नेलं. तासाभरात त्यांनी खुर्ची फेकली, अटेंडंटला ठोसा मारला आणि शेवटी चौघांनी धरून परत आणावं लागलं. आता स्टाफचं म्हणणं आहे की शिफ्ट करण्याआधी प्रत्येकाला इंजेक्शन द्यावं. तुम्ही तीन गोष्टी विचारता: हे आजारामुळे झालं का, इंजेक्शनचा आग्रह बरोबर आहे का, आणि याच गृहस्थांना पुढच्या आठवड्यात पुन्हा हलवायचं आहे ते कसं करावं.

मी मनोविकारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं वॉर्डातच काम केलं आहे, आणि माझं मत ठाम आहे. आजाराचा वाटा असतोच, पण शिफ्टिंगच्या वेळचा भडका बहुतेकदा आपल्या पद्धतीमुळे उडतो. त्या पद्धतीतही एक गोष्ट सगळ्यात जास्त घात करते. हलवायचं ठरल्यापासून ते रुग्णाला कळेपर्यंत जो वेळ जातो, तो. सकाळी राउंडला डॉक्टर ठरवतात. सिस्टर पलीकडच्या वॉर्डला फोन करते. क्लार्क कागद काढतो. अटेंडंट चादर बदलायच्या तयारीला लागतो. नव्या ॲडमिशनचे नातेवाईक बाहेर येऊन बसलेले असतात. सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त ज्याला जायचं आहे त्याला नसतं. त्याला कधी कळतं, तर दारात ट्रॉली येते तेव्हा.

आता हे संशयाच्या आजाराच्या माणसाच्या जागी बसून पाहा. दोन तासांपासून त्याला दिसतंय की आपल्याकडे बघून कुणीतरी हळू आवाजात बोलतंय, आपण जवळ गेलो की गप्प होतंय. फोनवर आपलं नाव घेतलं जातंय. एरवी आपण त्याला समजावत असतो की कुणी तुमच्याबद्दल काही कट करत नाहीये. त्या दिवशी मात्र त्याच्यामागे खरंच काहीतरी ठरलेलं असतं. त्याचा संशय त्या दिवशी खरा निघतो, आणि महिनाभराच्या औषधांनी आणि गप्पांनी जो विश्वास जमवला तो त्या दोन तासांत जातो. मग तो मारतो तेव्हा आपण केसपेपरवर लिहितो: ‘कोणतंही कारण नसताना हिंसक झाला.’

कारण नसताना हा शेरा मला फार खटकतो, म्हणून जरा आकड्यांकडे वळते. मनोरुग्णालयांतल्या हिंसेआधी नेमकं काय घडलेलं असतं, यावरचे बरेच अभ्यास एकत्र करून २०१२ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यात वारंवार आढळलेला पूर्वप्रसंग होता स्टाफ आणि रुग्ण यांच्यातला व्यवहार, अंदाजे ३९ टक्के घटनांमध्ये. त्यातही मोठा भाग कशाचा, तर नकार देणं, अडवणं, मोकळीक काढून घेणं. वॉर्ड बदलणं म्हणजे हे सगळं एका तासात एकदम होणं. आणि ‘मनोरुग्ण म्हटलं की मारणारच’ असं मानणाऱ्यांसाठी दुसरा आकडा: श्रीमंत देशांतल्या ॲक्यूट वॉर्डांमधल्या जवळपास २४,००० रुग्णांचे अभ्यास २०१५ मध्ये एकत्र केले, तेव्हा ॲडमिट असताना एकदा तरी शारीरिक हिंसा केलेल्या रुग्णांचं प्रमाण साधारण १७ टक्के भरलं. म्हणजे ॲक्यूट वॉर्डातसुद्धा पाचातले चार जण कुणाच्या अंगाला हात लावत नाहीत. तेव्हा शांत असलेला माणूस शिफ्टिंगच्याच दिवशी उसळला, तर आधी त्या दिवसाकडे बघायला हवं.

हलवताना माणूस काय गमावतो, हे आपल्याला रोजच्या धबडग्यात दिसत नाही. वॉर्डात त्याचा एक पलंग असतो, आणि पलंगाची बाजू ठरलेली असते. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे, म्हणजे कोण आलं-गेलं ते दिसतं. रात्रीची कुठली सिस्टर झोप आली नाही तर दोन मिनिटं बोलते हे त्याला माहीत असतं. कुठल्या रुग्णाच्या वाटेला जायचं नाही हे माहीत असतं. लॉकरमध्ये आपल्या दृष्टीने कचरा वाटाव्यात अशा चार वस्तू असतात. शेव्हिंगला कधी बोलावतात, घरी फोन कधी करू देतात, चिडल्यावर कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसलं तर चालतं, हे त्याने आठवडे घालवून शिकलेलं असतं. लक्ष एकाग्र होत नाही, आठवण राहत नाही, चेहऱ्यावरचे भाव नीट वाचता येत नाहीत, अशा आजारात हे शिकायला किती कष्ट पडत असतील याचा विचार करा. पलीकडच्या वॉर्डात पाऊल ठेवलं की ते सगळं शून्य. आणि आपण मात्र त्याला म्हणतो, “अहो, तिकडे जास्त चांगलं आहे.”

ओपन वॉर्डकडे जाणं हे आपल्या लेखी प्रमोशन असतं. बंद वॉर्डात नेताना आपण सावध असतो, माणसं तयार ठेवतो. पण कमी बंधनाच्या वॉर्डात नेताना वाटतं की हा खूश होईल, आणि तिथेच गाफील राहतो. काहींच्या दृष्टीने बंद दार ही सुरक्षितता असते. बाहेरचे लोक आत येऊ शकत नाहीत याचा त्यांना आधार असतो. काहींना कळून चुकतं की ओपन वॉर्डनंतर डिस्चार्ज, आणि डिस्चार्जनंतर जिथे परत जायचं तिथे त्यांना कुणी घ्यायला तयार नाही. त्यामुळे ‘बरे झालात, चला’ हे वाक्य त्यांच्या कानाला ‘निघा आता’ असं लागतं. बदलीची बातमी देताना रुग्ण गप्प बसला तर ती संमती समजू नका. “तिकडे गेल्यावर काय होईल असं वाटतं?” एवढं विचारा आणि थांबा. मला या प्रश्नाला मिळालेली उत्तरं बहुतेक वेळा माझ्या अंदाजाच्या पलीकडची होती.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट: पलंग रिकामा हवा म्हणून कुणालातरी हलवणं. यात रुग्णाच्या उपचाराचा काडीचा संबंध नसतो. सहसा जो त्रास देत नाही त्याचीच निवड होते, म्हणजे शांत वागण्याची त्याला शिक्षाच. गर्दी टाळता येत नसेल तर निदान खोटं कारण सांगू नका. “तुमच्या तब्येतीसाठी हलवतोय” असं सांगितलं आणि त्याच्या पलंगावर दुसरा माणूस झोपलेला त्याने पाहिला, तर पुढे तुमच्या कुठल्याच बोलण्यावर तो विश्वास ठेवणार नाही. “जागा कमी पडतेय, तुमची यात काही चूक नाही, मला हे आवडलेलं नाही” असं स्पष्ट सांगितलेलं लोक सहन करतात. चिडतील, शिव्या देतील, पण सहन करतात.

एक प्रसंग जरा जवळून सांगते. एका बंद वॉर्डातले तिशीतले गृहस्थ; तपशील ओळखू येऊ नयेत इतके बदलले आहेत. ते वर्तमानपत्रातली हवामानाची चौकट रोज कापून ठेवत, तारखेप्रमाणे लावून, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. पावसाचा अंदाज चुकला की तो कुणामुळे चुकला याचा त्यांचा एक भ्रम होता, आणि या कात्रणांवर ते त्याचा हिशेब ठेवत. शिफ्टिंगच्या दिवशी ते आंघोळीला गेले असताना अटेंडंटने चांगल्या हेतूने, वेळ वाचावा म्हणून, लॉकर रिकामा केला. कपडे, टूथब्रश, चप्पल हे सगळं एका गाठोड्यात. कात्रणं कचऱ्याच्या डब्यात. ते बाहेर आले, लॉकरचं उघडं दार पाहिलं, आणि काहीच बोलले नाहीत. ओला टॉवेल तसाच खांद्यावर. दोन्ही हातांच्या मुठी आवळायच्या, सोडायच्या, पुन्हा आवळायच्या. जबडा घट्ट. डोळे डब्याकडे, मग दाराकडे, पुन्हा डब्याकडे. तिथे उभ्या असलेल्या ज्येष्ठ ब्रदरने हे पाहिलं. तो पुढे गेला नाही. दोन हात लांब, जरा तिरका उभा राहिला, हात दिसतील असे मोकळे ठेवले, आणि म्हणाला, “तुमचे कागद टाकले. विचारायला हवं होतं. मी काढून देतो, तुम्ही बघा सगळे आहेत का.” मग तो स्वतः खाली बसून डब्यातून एकेक कात्रण काढायला लागला. पंधरा-वीस मिनिटं गेली. त्या दिवशी शिफ्टिंग झालं नाही, दुसऱ्या दिवशी झालं, आणि पिशवी त्या गृहस्थांच्या स्वतःच्या हातात होती.

त्या ब्रदरने जे केलं त्याला डी-एस्कलेशन म्हणतात आणि त्याचं प्रशिक्षण मिळतं. अंतर राखणं, बाजूला उभं राहणं, थोडक्यात बोलणं, चूक झाली ती मान्य करणं. पण मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की त्याने शिफ्टिंग थांबवलं. एकदा ट्रॉली निघाली की ते पार पाडलंच पाहिजे असा आपल्यावर एक अदृश्य दबाव येतो. पलीकडे पलंग तयार आहे, फोन झालाय, डॉक्टरांची सही झालीय. तुमच्या वॉर्डात असा स्पष्ट नियम करून घ्या, की ड्यूटीवरची सिस्टर किंवा ब्रदर शिफ्टिंग थांबवू शकतात आणि त्याबद्दल त्यांना कुणी जाब विचारणार नाही. आणीबाणी सोडली तर असं एकही शिफ्टिंग नसतं जे चार तास पुढे ढकलता येत नाही.

आता आजाराच्या आणि औषधांच्या बाजूकडे येते, कारण सगळं वागणुकीवर ढकललं की खरी वैद्यकीय कारणं सुटतात. शिफ्टिंगचा दिवस हा औषधं चुकण्याचा हमखास दिवस. दुपारचा डोस जुन्या वॉर्डने ‘तिकडे देतील’ म्हणून ठेवलेला असतो आणि नव्या वॉर्डने ‘देऊन पाठवलं असेल’ म्हणून दिलेला नसतो. उलटंही होतं: दोन्हीकडे दिलं जातं. म्हणून शेवटचा डोस कुठला, किती, किती वाजता, हे बोलून आणि लिहून दोन्ही पद्धतींनी सांगा.

अकाथिसिया नावाचा दुष्परिणाम तर मुद्दाम शोधा. अँटिसायकोटिक (भ्रम-भास कमी करणारं औषध) नुकतं सुरू केलं असेल किंवा डोस वाढवला असेल, तर काही दिवसांत ते काही आठवड्यांत माणसाला आतून असह्य अस्वस्थता सुरू होते. बसवत नाही, पाय हलवत राहतो, येरझाऱ्या घालतो. बाहेरून ते आक्रमकतेसारखं दिसतं, स्टाफ आणखी इंजेक्शन देतो, आणि हॅलोपेरिडॉलसारखं औषध असेल तर तीच अस्वस्थता वाढते. अशा माणसाला अनोळखी वॉर्डात ‘जागेवर बसा’ असं सांगणं म्हणजे आगीत तेल. त्याला विचारा, “अस्वस्थता मनात आहे की पायांत?” बरेच जण नेमकं सांगतात. डोस कमी करणं, औषध बदलणं किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध देणं असे उपाय आहेत; ते डॉक्टरांशी बोलून आधी करा, मग हलवा.

तंबाखूचंही तसंच. एका वॉर्डात सिगारेट ओढायला नेत असतील आणि दुसऱ्यात पूर्ण बंदी असेल, तर निकोटिन तुटल्याची चिडचिड काही तासांत सुरू होऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. निकोटिनचा पॅच किंवा गम आधीपासून सुरू असेल तर यातलं बरंच टळतं. शिवाय सिगारेटच्या धुराने क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही अँटिसायकोटिक औषधं शरीरातून लवकर निघून जातात. ओढणं अचानक बंद झालं तर त्यांची रक्तातली पातळी चढते, पुन्हा सुरू झालं तर उतरते आणि लक्षणं डोकं वर काढतात. धूम्रपानाचा नियम बदलणार असेल तर तो औषधाचाच बदल आहे असं समजून डॉक्टरांना कळवा.

नव्याने ॲडमिट झालेल्या रुग्णाला लगेच दुसरीकडे हलवत असाल तर दारू कधी सुटली ते विचारा. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ४८ ते ९६ तासांत डिलिरिअम ट्रेमेन्स येऊ शकतो. थरथर, घाम, वाढलेली नाडी आणि वेळ-जागेचं भान सुटलेलं, असा माणूस मारायला धावला तर त्याला वैद्यकीय उपचार हवेत. वयस्कर रुग्ण वॉर्ड बदलल्यावर रात्री भांबावून हात चालवायला लागला तर आधी लघवी तुंबली आहे का, पोट साफ झालं आहे का, ताप, वेदना, साखर, पडल्याची खूण हे सगळं पाहा. चष्मा आणि कानाचं यंत्र जुन्या वॉर्डात राहिलेलं असणं, हेही मी पुष्कळदा पाहिलं आहे. ज्याला दिसत नाही आणि ऐकू येत नाही त्याच्या अंगाला अनोळखी हात लागला तर तो झटकणारच.

इंजेक्शनच्या आग्रहाबद्दल. सरसकट प्रत्येकाला शिफ्टिंगआधी इंजेक्शन देण्याच्या मी विरोधात आहे, आणि स्टाफला हे समजावताना तुम्ही माझी ही कारणं वापरा. एक तर इंजेक्शनसाठी धरावं लागतं, आणि धरणं हाच मारामारीचा एक मोठा प्रसंग; म्हणजे जी मारामारी टाळायची ती आपणच एक तास आधी घडवतो. दुसरं, गुंगीत हललेला माणूस अनोळखी छताखाली जागा होतो. काय झालं, कोणी आणलं, काही आठवत नाही. ज्याला आधीच वाटतं की आपल्याला पळवून नेतील, त्याच्यासाठी याहून भयंकर काही नाही, आणि पुढच्या वेळी तो सुई पाहिली की जिवाच्या आकांताने झगडेल. तिसरं, औषधाचं शिखर नेमकं हँडओव्हरच्या, म्हणजे रुग्ण नव्या स्टाफच्या ताब्यात देण्याच्या, गोंधळात येतं. नाडी, श्वास, बीपी, शुद्ध यावर कुणी लक्ष ठेवायचं, हे दोन वॉर्डांच्या मध्ये लटकतं. जुन्या वॉर्डात ओलान्झापिनचं इंजेक्शन दिलं आहे हे माहीत नसताना नव्या वॉर्डात लोराझेपाम या शामक औषधाचं दिलं, तर श्वास आणि रक्तदाब धोकादायक रीतीने खाली जाऊ शकतात.

मात्र रुग्णाने स्वतः मागितलेली गोळी ही वेगळी गोष्ट आहे. “मला भीती वाटतेय, काहीतरी द्या” असं तो म्हणाला तर तोंडाने घ्यायची गोळी द्यावी, तास-दीड तास आधी, आणि नंतर त्याच्याजवळ कुणीतरी असावं. आणि जो खरोखर भडकलेला आहे, त्या क्षणी कुणाच्या तरी जिवाला धोका आहे, तिथे शामक औषध लागतंच. पण इतक्या भडकलेल्या माणसाला त्या क्षणी वॉर्डाबाहेर कॉरिडॉरमधून न्यायचं का, हा प्रश्न आधी विचारा. जिन्यात आणि लिफ्टमध्ये झालेली झटापट सगळ्यांसाठी जास्त धोक्याची असते.

मग सांगायचं कसं? जो माणूस रुग्णाला सर्वांत जवळचा वाटतो त्याने सांगावं, पदाने मोठा असेल त्याने नव्हे. निर्णय झाल्यावर लगेच, इतर कुणाला फोन लावण्याआधी. बसून, बाजूला घेऊन, पण त्याचा दाराकडचा रस्ता मोकळा ठेवून. का हलवतोय, कुठे, कधी, बरोबर कोण येणार, तिथे काय तसंच राहील आणि काय बदलेल, इथे परत येता येईल का. एवढं सांगून झालं की थांबायचं. काहींना दोन दिवस आधी सांगितलं तर ते चिंतेने झोपत नाहीत, त्यांना सकाळी सांगून दुपारी न्यावं. बहुतेकांना मात्र आदला दिवस लागतो. यात सरसकट नियम नाही, तुम्ही त्या माणसाला ओळखता म्हणूनच तुमचा निर्णय महत्त्वाचा. ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असेल तर नव्या पलंगाचा, बाथरूमचा, तिथल्या सिस्टरचा फोटो दाखवा. आणि प्रत्येकाच्या बाबतीत एक तरी निवड खरोखर त्याच्या हातात द्या. जायचं की नाही हे त्याच्या हातात नसेल, पण गोळ्या घेऊन जायचं की तिथे जाऊन घ्यायच्या, घरी फोन आधी करायचा की नंतर, हे असू शकतं. नसलेली निवड असल्यासारखी दाखवू नका. “येताय का तिकडे?” असं विचारून त्याने “नाही” म्हटल्यावर ओढत नेणं, हा सर्वांत वाईट प्रकार.

शक्य असेल तिथे ज्या वॉर्डात जायचं तिथली सिस्टर आदल्या दिवशी येऊन भेटावी. पाच मिनिटं पुरतात. मेनियात (अति उत्साहाच्या आजारी अवस्थेत) असलेल्या एका तरुण मुलीने जायला साफ नकार दिला होता. तिकडच्या सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, “मी उद्या सकाळपासून ड्यूटीवर आहे, तू आलीस की पहिल्यांदा मलाच शोध.” दुसऱ्या दिवशी ती दारातून त्यांचं नाव मोठमोठ्याने घेत आत शिरली. बडबड, हट्ट, गाणी सगळं होतं. मारामारी झाली नाही.

वेळ दुपारची निवडा हे म्हणणं सोपं, पण ड्यूटी बदलायची वेळ कटाक्षाने टाळा, आणि जेवण किंवा गोळ्यांचा राउंड चालू असतानाही नको. रात्री तर नाहीच. पलीकडे त्याला घेणारा स्टाफ पुढचे काही तास तिथेच असला पाहिजे. न्यायला ओळखीचा माणूस जावा, आणि तो सोडून लगेच परत फिरू नये. पलंग दाखवणं, बाथरूम दाखवणं, नव्या सिस्टरशी रुग्णासमोरच बोलणं, हे होईपर्यंत थांबावं.

घेणाऱ्या वॉर्डाबद्दल मला थोडं कडक बोलायचं आहे. रुग्णाच्या आधी त्याची कीर्ती पोहोचते. “मारतो हा, सांभाळा” एवढ्या एका वाक्यावर दारात चार अटेंडंट हात बांधून उभे राहतात. आत येणाऱ्याला पहिलं दृश्य ते दिसतं. त्याने काय समजायचं? धोका लपवायचा नाही, तो नेमका सांगायचा: कुठल्या परिस्थितीत, कुणावर, आधी काय खुणा दिसल्या, कशाने शांत झाला. आणि त्याच दमात चांगलं काय ते सांगायचं: पत्ते खेळायला आवडतात, नाव घेऊन हाक मारली की उत्तर देतो. ब्रिटनमधल्या लेन बॉवर्स यांच्या ‘सेफवॉर्ड्स’ पद्धतीत हँडओव्हरमध्ये रुग्णाबद्दल चांगलं बोलणं, वाईट बातमी आधी ओळखून तिची धार कमी करणं, स्टाफ आणि रुग्णांनी एकमेकांची ओळख करून घेणं, अशा दहा साध्या गोष्टी आहेत. १५ रुग्णालयांतल्या ३१ वॉर्डांमध्ये झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. संघर्षाचे प्रसंग १५ टक्क्यांनी आणि बांधणं-कोंडणं-जबरदस्तीचं औषध यांसारखे उपाय २६ टक्क्यांहून जास्त घटले. यात महागडं काही नाही, म्हणून मी ते पुन्हापुन्हा सांगते.

नवा माणूस आला की तिथल्या जुन्या रुग्णांचंही गणित बिघडतं. टीव्हीसमोरची खुर्ची, खिडकीजवळची जागा यांचे अलिखित हक्क असतात. त्याला ते माहीत नसतात, तो बसतो आणि मार खातो किंवा देतो. म्हणून त्यांनाही आधी सांगा. आणि मागे राहिलेल्यांकडे पाहा; ज्याचा एकुलता एक मित्र हलवला गेला, तो त्या संध्याकाळी तुमच्या वॉर्डात बिथरू शकतो.

कोण हिंसक होऊ शकेल याच्या अंदाजासाठी ब्रॉसेट चेकलिस्ट वापरा. नॉर्वेत तयार झालेली, सहा प्रश्नांची, दोन-तीन मिनिटांत भरता येणारी: गोंधळलेला, चिडचिडा, दांडगाई करणारा, तोंडी धमकी, शारीरिक धमकी, वस्तूंवर हल्ला. प्रत्येकी एक गुण. शून्य म्हणजे पुढच्या चोवीस तासांत धोका थोडा, एक-दोन म्हणजे मध्यम, तीन किंवा जास्त म्हणजे तातडीने काहीतरी करायला हवं. यात त्या माणसाचं नेहमीचं वागणं धरायचं नसतं, नेहमीपेक्षा वाढलं असेल तरच गुण. स्वित्झर्लंडमध्ये ॲक्यूट वॉर्डांत दिवसातून दोनदा ही मोजणी केली, तेव्हा गंभीर हल्ले ४१ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. शिफ्टिंगच्या दिवशी निघताना एकदा आणि पोहोचल्यावर एकदा भरा, नंतर निदान तीन दिवस प्रत्येक ड्यूटीत.

ज्या अटेंडंटला मार लागला त्यांना विसरू नका. त्यांची तपासणी, सुट्टी, त्यांच्याशी बसून बोलणं हे आधी, आणि मग ‘काय चुकलं’ याची चर्चा. मार खाल्लेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी दोष दिला तर वॉर्डात पुढच्या वेळी कुणी पुढे येणार नाही. स्टाफ इंजेक्शन मागतो तो भीतीपोटी, आणि ती भीती खरी आहे. जास्त माणसं, ठरलेली पद्धत आणि थांबवण्याचा अधिकार या तीन गोष्टी मिळाल्या की तो आग्रह बराच ओसरतो.

आता तुमचे गृहस्थ. त्यांच्याशी त्या दुपारबद्दल कुणी बोललं आहे का? तुमच्या पत्रात ते दिसलं नाही. ज्यांच्यावर त्यांचा विश्वास आहे अशा कुणीतरी शांत वेळी विचारावं: “त्या दिवशी तिकडे काय झालं, तुमच्या बाजूने सांगा.” जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, भ्रम वाटला तरी. अकाथिसिया तपासा, त्या दिवशीचे डोस दोन्ही वॉर्डांच्या चार्टवर मिळवून पाहा. नवी तारीख घाईने ठेवू नका. ओपन वॉर्डात आधी दोन-तीनदा तासाभरासाठी नेऊन आणा, ओळखीच्या माणसाबरोबर, आणि परत येताना पलंग तिथेच आहे हे त्यांना दिसू द्या. ज्यांना ठोसा लागला ते अटेंडंट तयार असतील तर दोघांची भेट तुमच्यासमोर घडवा. तयार नसतील तर पहिल्या दिवशी त्यांची ड्यूटी त्या वॉर्डात लावू नका. भिंतीजवळचा पलंग मागून घ्या. आणि नेल्यानंतर दुसऱ्या दिवशी तुमच्या वॉर्डातून कुणीतरी फोन न करता प्रत्यक्ष जाऊन त्यांना भेटून यावं. हे सगळं करूनही पुन्हा बिनसलं, तर परत आणताना शक्यतो तोच पलंग द्या, आणि ओपन वॉर्ड या टप्प्यावर त्यांना झेपतं का यावर डॉक्टरांबरोबर नव्याने बोला. ते बोलणं चालू असताना त्यांनाही समोर बसवा.